चौथ्या दिवसाचा कोहळा

बंदूक कशी धरायची हे मी अठरा वर्षं शिकवलं. सशस्त्र पोलिसात हवालदार होतो, आणि नागरिकांचं दहा दिवसांचं बंदूक प्रशिक्षण लागलं की मैदानावर माझीच नेमणूक व्हायची. परवाना हवा तर आधी प्रशिक्षणाचा दाखला हवा, असा नियम. येणाऱ्यांना तो नियम म्हणजे डोक्याला ताप वाटायचा. ऊसवाले, बागायतदार, एखादा पेट्रोल पंपाचा मालक, सगळे पहिल्या दिवसापासून घड्याळ बघायचे. "साहेब, डुकरं हाकलायला धा दिस कशाला लागतेत?" असं कोणीतरी विचारायचंच. त्यालाच मी दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर उभं करायचो आणि बंदूक उघडून दाखव म्हणायचो. बहुतेकांची नळी स्वतःच्याच पायाकडे असायची. मग मी ओरडायचो. माझा आवाज मोठा आणि तोंड वाईट, हे बिदरच्या मैलूरमध्ये आमच्या गल्लीत कोणालाही विचारा.

चौथा दिवस कोहळ्याचा. बाजारातून एक चांगला थोराड कोहळा मी स्वतः घेऊन जायचो आणि स्टुलावर ठेवायचो. मग एक काडतूस घ्यायचो, सगळ्यांसमोर त्याचं तोंड खिळ्यानं उकलायचो आणि आतले बारीक छर्रे एका ताटलीत ओतायचो.

"आता ह्यात काय उरलं?"

"काई न्हाई साहेब. नुसता आवाज."

ते तोंड मी मेणानं बंद करायचो, काडतूस बंदुकीत भरायचो, कोहळ्यापासून वीतभर अंतरावर नळी धरायचो आणि चाप ओढायचो. कोहळा फुटायचा. पुढून मुठीएवढं भोक आणि मागून सगळाच उघडा. छर्रे काढले तरी आत दारू असते, आणि दारूवर दाबून बसवलेलं बूच असतं. लांबून त्याचं काही होत नाही. जवळून मात्र ती दारूची आग आणि ते बूचच गोळीचं काम करतं. चौथ्या दिवसानंतर कोणी घड्याळ बघायचं नाही.

हा धडा कुठल्या पुस्तकात नव्हता. मी आपल्या मनानं घातला होता, कारण आमची माणसं मला ठाऊक होती. आमच्याकडचे बरेचसे परवानावाले बसवण्णांना मानणारे, घरात अंडंसुद्धा न आणणारे. डुकरानं ऊस लोळवला तरी त्याचा जीव घ्यायला त्यांचा हात धजत नाही. म्हणून ते काडतुसातले छर्रे काढून टाकतात आणि नुसता बार वाजवतात. तिला ते म्हणतात आवाजाची बंदूक. पाप नाही, रक्त नाही. हे मला फार आवडायचं, खरं सांगतो. आणि ह्याच गोष्टीची मला भीतीही वाटायची, कारण जी बंदूक मारत नाही असं वाटतं, तिच्यापुढे माणूस बिनधास्त उभा राहतो.

दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत माझ्या दाजींचं नाव यादीत आलं. दाजी म्हणजे काशप्पा, माझ्या थोरल्या बहिणीचे, रुद्रम्मा अक्काचे यजमान. गाव हळ्ळीखेड. थोडा ऊस, बाकी तूर आणि सोयाबीन. रानडुकरांनी दोन वर्षं लागोपाठ त्यांच्या उसाचं वाटोळं केलं होतं. पहिल्या दिवशी दाजी इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि मागच्या रांगेत लाजून बसले. मेव्हण्याच्या हाताखाली शिकायचं म्हणजे त्यांना अवघडल्यासारखं झालं असावं. संध्याकाळी अक्काचा फोन आला.

"संगू, तुरीची रास पडलीय रे रानात. मळणीचं मशीन परवा येतंय. ह्येंनी रोज बिदरला कसं येतील? सगळं तुझ्याच हातात हाय न्हव?"

मी काय म्हणालो ते मला शब्दान् शब्द आठवतं. म्हणालो, "त्यात काय अक्का. आवाजाचीच तर बंदूक. तू दाजींना राशीला लाव, मी बघतो."

आणि मी बघितलं. दहा दिवसांचे दहा रकाने, दहाही ठिकाणी हजर. दुसऱ्या कोणी हे केलं असतं तर मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. पण हा घरचा माणूस होता, आणि घरच्या माणसाला कसला नियम. चौथ्या दिवशी मी कोहळा फोडला, हात धुतले आणि दाजींच्या नावापुढे हजर लिहिलं. माझा हात अडखळला वगैरे काही नाही. दुपारी पोटभर जेवलो.

पवित्रा ही दाजींची आणि अक्काची एकुलती एक मुलगी. त्याच जूनमध्ये ती बी.एस्सी.साठी बिदरला आली आणि आमच्याकडे राहिली. मला आणि माझ्या बायकोला, नागरत्नाला, मूलबाळ नाही. तीस वर्षं ज्या घरात कुकरच्या शिट्टीशिवाय आवाज नव्हता, तिथे ही पोरगी सकाळी सहापासून बडबडायची. मी ओरडलो तर हसायची. मी ओरडल्यावर हसणारं माणूस मला नोकरीत कधी भेटलं नव्हतं. चहात साखर जास्त झाली की म्हणायची, "मामा, आता तुमीबी गोड बोलायला लागताव बघा." मी दरवर्षी मैदानावर कोहळा नेतो हे तिला नागरत्नानं सांगितलं होतं. तिला तो नेमबाजीचा सराव वाटायचा.

"मामा, त्या कोहळ्यानं काय गुन्हा केलाय? दरवर्षी त्येलाच कामून?"

"तुला काय करायचंय?"

"मला एकदा न्या की बघायला."

"पोरींचं काय काम तिथं? अभ्यास कर."

असं मी म्हणालो. हौसेनं नाही, रागानंही नाही, सवयीनं म्हणालो. पुढच्या मे महिन्यात मी निवृत्त झालो, आणि मग दाखवायला मैदानही राहिलं नाही.

बंदूक दाजींच्या घरी पवित्रा आमच्याकडे आली त्याच वर्षी आली, गणपतीच्या सुमारास. एकनळी, जुनी, पण चांगली ठेवलेली. त्यांनी मला फोन केला होता. "पंचवीस काडतुसं आनली संगू. एकेक उकलून समदे छर्रे बरनीत काढले बघ. उगं कुणाचा जीव जायला नको." मी म्हणालो, "बरं केलं दाजी." तेव्हा माझ्या मनात कोहळा आला होता. सांगावं असं वाटलं, पण फोनवर काय सांगायचं, पुढच्या खेपेला गेलो की सांगू, असं म्हटलं. पुढच्या खेपेला पुरणपोळी होती आणि मी विसरलो.

आमच्या अक्काच्या घरी खंडेनवमीला एक रीत आहे. पूजेला कुठलीच वस्तू रिकामी ठेवायची नाही. सूप पुजायचं तर त्यात मूठभर तूर, घागर पुजायची तर तिच्यात पाणी, ट्रॅक्टर पुजायचा तर ट्रॉलीत दोन पेंढ्या का होईना. मग बंदूक रिकामी कशी पुजायची? पहिल्या वर्षी दाजींनी तिच्यात एक काडतूस घातलं, हळदकुंकू लावलं आणि अंगणात जाऊन आभाळात एक बार काढला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पवित्रानं मला त्याचा व्हिडिओ पाठवला होता. मी त्यावर हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

दुसरं वर्ष गेल्या ऑक्टोबरातलं. मी तिथे नव्हतो, ऐकलं ते सांगतो. सकाळचे अकरा वाजले असतील. पाटावर विळे, कुऱ्हाड, ट्रॅक्टरची किल्ली, आणि चौरंगावर बंदूक. पूजा झाली. दाजींनी बार काढायचा म्हणून घोडा आधीच मागे ओढला, आणि बंदूक दोन्ही हातांनी उचलून कपाळाला लावायला गेले. नळीला बांधलेला झेंडूचा हार सुटून लोंबत होता. पवित्रा पुढे वाकली. म्हणाली, "अप्पा, थांबा, हार सुटलाय." एवढंच म्हणाली. ती हाराची गाठ मारत असताना दाजींचं बोट चापावर आलं.

हुमनाबादच्या दवाखान्यापर्यंतसुद्धा ती राहिली नाही. एकोणीस वर्षांची होती. आमच्यात बसवून पुरतात. शेतात बांधाजवळ, चिंचेच्या पलीकडे तिला बसवलं, स्वामींनी विभूती लावली, आणि माती टाकायची वेळ आली तेव्हा मामानं पहिली मूठ टाकावी असं कोणीतरी म्हणालं. मी टाकली. ती मूठ अजून माझ्या हातात आहे असं मला वाटतं, आणि मी दिवसातून दहा वेळा हात धुतो.

पोलीस आले, बंदूक आणि उरलेली काडतुसं घेऊन गेले. दाजींनी जबाब दिला: छर्रे काढताना एक काडतूस माझ्याकडून राहिलं असणार. कोणालाच त्यात काही चुकीचं वाटलं नाही. छर्ऱ्याशिवाय माणूस कसा मरेल? गुन्हा दाखल झाला, जामीन झाला. गावाचं ठरलं, नातेवाइकांचं ठरलं, अक्काचं ठरलं. काशप्पा विसरला. बाकी चोवीस नीट काढली आणि पोरीच्या वेळेचंच विसरला.

शवविच्छेदनाचा अहवाल आला तो इंग्रजीत; पोलिसांनी तो फाईलला लावला होता, नीट वाचला कोणीच नव्हता. घरात कागद वाचायचं काम माझं. अक्कानं विचारलं, "काय लिवलंय?" त्यात लिहिलं होतं की जखमेत बुचाचे तुकडे आणि जळलेली दारू मिळाली. छर्रा एकही मिळाला नाही. मी कागदाची घडी केली आणि म्हणालो, "गोळी लागून मृत्यू, असं लिहिलंय."

मी का खोटं बोललो? पेन्शनची भीती होती, नाही म्हणत नाही. दाखल्यावर माझी सही होती आणि दहा दिवसांची हजेरीही. पण नुसती तीच भीती नव्हती. खरं सांगितलं की दाजी सुटणार, कारण ते विसरलेच नव्हते. त्यांना फक्त माहीत नव्हतं. मग माहीत का नव्हतं, हे निघणार. मग अक्काचा तो फोन निघणार. एक माणूस दुःखात बुडालाय, त्याला वर काढायला मी माझ्या बहिणीला पाण्यात ढकलू का, असं मी स्वतःला विचारायचो. फार थोर प्रश्न वाटायचा मला तो. खरं म्हणजे भित्र्या माणसाला असे थोर प्रश्न फार लवकर सापडतात.

नवमीनंतर अक्का दाजींशी एक शब्द बोलली नाही. ताट वाढून ठेवायची आणि आत जायची. दाजी जेवले की नाही हे ती बघायची नाही, आणि बहुधा ते जेवायचेच नाहीत. गळ्याची हाडं वर आली. छर्ऱ्यांची बरणी पोलिसांनी नेली नव्हती, कोणी मागितलीच नव्हती. दाजी रोज दुपारी ती सुपात उपडी करायचे आणि छर्रे मोजायचे. दहा-दहाचे ढीग, मग शंभराचे. मी डिसेंबरात गेलो तेव्हा त्यांनी मान वर न करता विचारलं,

"संगू, एका काडतुसात किती छर्रे असतेत रे?"

त्यांना बरणीतला आकडा पाठ झाला होता. चार हजार सातशे सव्वीस. पण एका काडतुसात किती, हे कळल्याशिवाय ती पंचवीस काडतुसांची बेरीज की चोवीस, हे त्यांना ठरवता येत नव्हतं. मला ते माहीत होतं. अठरा वर्षं मी तेच सांगत आलो होतो.

"तसं सांगता येत नाही दाजी," मी म्हणालो. "कमीजास्त असतात."

त्यांनी मान डोलावली आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं. ते बघून मी उठलो नाही, रडलो नाही, काही नाही. चहा प्यायलो आणि हुमनाबादची बस पकडली.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी पुन्हा गेलो. दाजी ओसरीवर बसले होते आणि त्यांच्यासमोर शेजारचा राघोबा होता. राघोबाकडेही परवान्याची बंदूक. त्यानं ती भिंतीला टेकवून ठेवली होती आणि एका पंच्यात बांधून काडतुसं आणली होती, उकललेली आणि मेणानं बंद केलेली. दाजी एकेक काडतूस कानाशी धरून हलवत होते, मेण खरवडून आत बघत होते आणि पुन्हा बंद करत होते.

"ह्ये काय चाललंय?" मी विचारलं.

राघोबा म्हणाला, "काशप्पा अण्णा समद्यांची काडतुसं तपासून देयलेत. त्येंच्यावर जी येळ आली ती दुसऱ्या कुनावर यिऊ नये म्हनून. मागल्या बाजाराला सात जणांची तपासली."

"एक जरी राहिलं तर घात व्हतो, संगू," दाजी म्हणाले. किती तरी दिवसांनी त्यांच्या आवाजात थोडा जीव होता. "नीट रिकामं केलं की मग कसली भीती न्हाई. मी इसरलो. ह्येंनी इसरू नये."

राघोबानं मला लग्नपत्रिका दिली. त्याच्या नातीचं, अंजूचं लग्न होतं पुढच्या आठवड्यात. "वरातीला चार बार काढायचेत. आन् पोरगी म्हनायलीय, मला बंदूक धरून नवऱ्यासंगं फोटो काढायचाय. घोडा वडून, खऱ्यावानी. म्हणलं काढ बाई, पर आधी काशप्पा अण्णाकडून तपासून आनतो."

मी पत्रिका हातात धरून उभा होतो. अंजूला मी ओळखत होतो. पवित्राबरोबर एकदा आमच्या घरी आली होती, दोघींनी मिळून माझी नक्कल केली होती. दाजी पुढचं काडतूस कानाशी धरून हलवत होते. माझ्या खोटेपणाचं त्यांनी काय केलं होतं ते मला तेव्हा दिसलं. त्यांनी त्याचं पुण्य केलं होतं, आणि ते घरोघर वाटत होते.

"अक्का कुठाय?" मी विचारलं.

"आत. पीठ मळायलीय."

माळ्यावर सांडग्यांसाठी राखलेले कोहळे होते. मी शिडी लावली आणि त्यातला एक काढला. दाजी म्हणाले, "त्ये कशाला?" अंगणाच्या टोकाला, गोठ्याच्या पलीकडे, दगडावर कोहळा ठेवला. मागे नुसती उघडी जमीन होती. दोघांना बोलावलं.

"दाजी, ह्यातलं एक काडतूस तुम्ही निवडा. तुमच्या हातानं उकला. नीट बघा."

त्यांनी उकललं, उलटं केलं, तळहातावर आपटलं. काही पडलं नाही.

"छर्रा आहे?"

"न्हाई."

"शपथ घ्याल?"

"घेतो की. एकबी न्हाई."

त्यांनीच मेण लावलं. मी दोघांना माझ्या मागे दहा पावलं उभं केलं, राघोबाची बंदूक घेतली, काडतूस भरलं, आणि नळी कोहळ्यापासून वीतभर धरली. मी चाप ओढला.

गोठ्यातली म्हैस दावं तोडायला बघू लागली. कोहळा दगडावर नव्हता. त्याचा गर गोठ्याच्या भिंतीवर, माझ्या शर्टावर, दाजींच्या बाहीवर. राघोबा मटकन खाली बसला आणि "अंजे, अंजे गं," असं म्हणत राहिला.

अक्का धावत बाहेर आली. हाताला पीठ होतं. नवमीनंतर त्या अंगणात बार झाला नव्हता. तिनं आधी सगळ्यांकडे बघितलं, कोण उभं आहे, कोण नाही. मग दगडाकडे बघितलं.

मी तिथेच, बंदूक उघडून जमिनीवर ठेवून, सगळं सांगितलं. बूच सांगितलं, दारू सांगितली. अहवालात छर्रा नाही हे सांगितलं. दर वर्षी चौथ्या दिवशी मी हेच दाखवायचो, आणि दाजींच्या नावापुढे हजर लिहून मी घरी जेवायला गेलो, हे सांगितलं. उद्या पोलिसात जाऊन सगळं लिहून देतो, असंही म्हणालो. मैदानावर माझा आवाज पार शेवटच्या रांगेत पोचायचा. तिथे तो मलाच नीट ऐकू येत नव्हता.

दाजी म्हणाले, "संगू, आता तरी सांग. एका काडतुसात किती असतेत?"

"एकशेनव्वदच्या आसपास."

ते उकिडवे बसले. मातीत बोटानं आकडे मांडले, पुसले, पुन्हा मांडले. मी मदत केली नाही; त्यांना ते स्वतः करायचं होतं.

"पंचवीस," ते म्हणाले. "वीस-पंचवीस छर्रे कुठं घरंगळले असतील, पर पंचवीसच." त्यांनी अक्काकडे बघितलं. "अगं, मी इसरलो नव्हतो. एकबी इसरलो नव्हतो गं मी." आणि मग ते रडले. पोरीला पुरताना रडले नव्हते, जामिनाच्या दिवशी रडले नव्हते. तोंडावर पंचा धरून लहान लेकरासारखे हुंदके देत होते, आणि मधूनमधून तोच आकडा म्हणत होते.

अक्का त्यांच्याकडे बघत होती. मग माझ्याकडे वळली.

"फोन मीच केलता," ती म्हणाली.

"अक्का, शिकवणं माझं काम होतं. तू फोन केलास, पण सही मी केली. आवाजाचीच तर बंदूक, असं मी म्हणालो, तू नाही."

तिनं ते ऐकलं की नाही मला कळलं नाही. ती बोटांवर काहीतरी मोजत होती. पीठ वाळून बोटांना चिकटलं होतं.

"चौथा दिस म्हंजी कोनता? मशीन आलतं त्येच्या दुसऱ्या दिशी?"

"हो. त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"त्या दिशी मशीन बंद पडलं व्हतं रे," अक्का म्हणाली. "पट्टा तुटला म्हनून मशीनवाला सकाळीच उदगीरला गेलता, दिवेलागणीला आला. मी रानात भाकरी घिऊन गेलते तवा ह्येंनी चिंचंखाली झोपले व्हते. दिसभर मोकळेच व्हते, संगू. बिदरला यिऊन परत आले असते."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. मी ओरडणारा माणूस, मला ओरडून घेता येतं. हे मला घेता आलं नाही. चिंचेकडे बघवेना, कारण तिच्या पलीकडेच पवित्रा होती.

अक्का दाजींच्या शेजारी खाली बसली. पदरानं त्यांच्या बाहीवरचा कोहळ्याचा गर पुसला, एकदा, दोनदा. चार महिन्यांनी तिनं त्यांना हात लावला होता.

"उठा," ती म्हणाली. "दोन घास खाऊन घ्या."

तिनं त्यांना दंडाला धरून उठवलं आणि दोघं हळूहळू ओसरी चढून आत गेले. राघोबा काडतुसांचं गाठोडं तसंच टाकून घराकडे निघाला होता. आतून ताटाचा आवाज आला, मग अक्काचा काहीतरी बोलण्याचा. मी अंगणात उभा होतो, शर्टावर बिया चिकटलेल्या. दार उघडंच होतं. मला कोणी आत बोलावलं नाही.